धुण्याच्या दगडातला किडा

चोवीस वर्षं मला दगड चाटायचा पगार मिळाला. चेष्टा नाही. कोरडा असला की दगड मुका असतो, सगळे सारखे, मातकट. ओला केला की आतलं दिसतं. रानात बाटलीतलं पाणी दुपारीच संपतं, मग जीभ काढायची. भूगर्भशास्त्राच्या खात्यात मोठमोठे डॉक्टर, प्रोफेसर होते, तेही चाटायचे. फरक एवढाच की ते चाटून इंग्रजीत काहीतरी म्हणायचे आणि मी चाटून थुंकायचो.

अंकवाल्यांनी सांगितलं, नोकरीतल्या गमतीजमती लिहा. एकदोन लिहितो. पण खरं म्हणजे मला एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती गमतीची नाही. ती मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. मी सातवी नापास. शुद्धलेखन त्यांनी पाहून घ्यावं, बाकी काही बदलू नये.

माझं नाव नत्थू. जातीचा विणकर, नागपूरच्या तांडापेठेतला. घरात दोन माग होते. मीलच्या स्वस्त लुगड्यांनी ते बंद पाडले आणि बासष्टच्या उन्हाळ्यात मी खात्यात चपराशी म्हणून लागलो. पहिल्या आठवड्यात डॉक्टर साहेबांनी माझे हात पाहिले. डॉक्टर म्हणजे दवाखान्याचे नव्हेत, दगडाचे. त्यांनी विचारलं, "हातमागावर बसायचास का?" म्हटलं, "हो जी." म्हणाले, "मग तुझा हात हलका असणार. चहा आणायला दुसरा कोणी पाहू. तू इकडे ये."

असा मी दगड घासणारा झालो.

बाहेरच्या माणसाला हे काय काम ते सांगावं लागेल. आपलं नागपूर, वाडी, तिकडं पार अमरावतीपर्यंत खाली जो काळा दगड आहे तो म्हणजे थिजलेला लाव्हा. सहा कोटी वर्षांमागं तो जमिनीतून वाहत आला. एकदम आला नाही. वाहायचा, थंड व्हायचा, मग हजारो वर्षं शांत. त्या शांततेत खळग्यात पाणी साचायचं, तळी व्हायची, तळ्यात शेवाळ, गोगलगाई, काठावर ताडासारखी झाडं. मग पुन्हा लाव्हा, सगळं गुडुप. ते गाडलेलं तळं गाळासकट दगड होऊन गेलं. झाडं, फळं, बिया, सगळं दगड. दोन काळ्या थरांच्या मधे हातभर जाडीचा पांढरा-राखाडी पट्टा दिसतो, भाकरीच्या दोन पदरांत झुणका भरावा तसा. आम्ही तो झुणका शोधत फिरायचो.

सापडला की त्याचा तुकडा आरीनं कापायचा. एक बाजू घासून सपाट करायची, काचेवर डिंकानं चिकटवायची, मग दुसरी बाजू काचेच्या तक्त्यावर पावडर आणि पाणी टाकून गोल गोल घासायची. आधी जाड पावडर, मग बारीक, मग मैद्यासारखी. घासत घासत दगड इतका पातळ करायचा की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. तेव्हा कुठं खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ताडाचा एकेक दोरा दिसतो. हो, दोराच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलो, "साहेब, हा तं ताणा हाय!" साहेब हसले. म्हणाले, "देवानं विणलेला आहे, नत्थू. तू उसवू नको म्हणजे झालं."

या कामात बोटांची कातडी जाते. दोन वर्षांत माझी दहाही बोटं गुळगुळीत झाली. एकदा एका कचेरीत बाबूनं दोनदा माझा अंगठा उमटवून घेतला आणि वैतागून म्हणाला, "तुमच्या हातावर रेघाच नाहीत, काका. तुम्ही हाय का भूत?" मी म्हटलं, "सही करतो ना बापा, सातवीपर्यंत गेलो हो." त्या वेळी हसलो. बोटं मेली म्हणजे काय गेलं, ते तेव्हा समजलं नाही.

आता एक गंमत सांगून टाकतो. पुरातन हाड ओळखायची सोपी रीत आहे, हाडाला जीभ लावायची. दगड झालेलं जुनं हाड जिभेला चिकटतं. एक दिवस उमरेडकडचा एक पाटील धोतरात गुंडाळून मांडीएवढं हाड घेऊन आला. "राक्षसाचं हाय," म्हणाला. साहेब वर्गात होते. मी ऐटीत हाड उचललं, चार पोरांदेखत चाटलं. चिकटलं नाही. पुन्हा चाटलं. पाटील माझ्याकडं डोळे फाडून पाहत होता.

"हे काय करून राहिले गा तुम्ही?"

"तपासून राहिलो. पाटील, हे जुनं नाही. कुठं सापडलं?"

"वावराच्या बांधात. तिथं मागच्या साली माही म्हैस गाडली होती, तिच्याच बाजूले..." आणि बोलता बोलता त्याच्याच ध्यानात आलं. मग तो हळूच म्हणाला, "म्हैस मोठी गुणाची होती जी."

ते खातं पंधरा दिवस मला 'म्हैसचाट्या' म्हणायचं. चालायचंच.

पण दुसरा प्रसंग हसायचा नाही. मध्य प्रदेशच्या हद्दीतून एका संशोधक बाईंनी एक फळ आणलं होतं. करवंदाएवढं, दगड झालेलं. जगात ते एकच. त्याच्यावर बाईंची पदवी अवलंबून होती. मी कापलं, चिकटवलं, घासलं. अगदी शेवट आला होता. शेवटाला नेम असा की चार फेरे मारायचे, उचलून पाहायचं, पुन्हा चार फेरे. कोणीतरी दारातून हाक मारली. मी मान वळवली आणि हात चालूच राहिला. एक फेरा जास्त गेला. काच उचलली तर काच होती, फळ नव्हतं. फुंकर मारावी तसं गेलं. बाई आल्या, काच उजेडाकडं धरली, आणि तशाच धरून उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझी बायको सुभद्रा ताट घेऊन बसून होती. तीही विणकराची पोर. लहानपणापासून चरख्यावर सुताच्या कांड्या भरलेली. डोळे मिटून तार बोटातून जाऊ द्यायची आणि सांगायची, इथं बारीक आहे, इथं तुटेल. कधी चुकली नाही. तिला मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "ताणा तुटला तं आपुन सांधतो. तुमच्यात सांधता येत नाही?"

"नाही वं. गेलं ते गेलं."

"मंग असा धंदा काहून करता?"

मी ताट तिच्याकडं सरकवलं.

आता मुद्द्याचं. वाडीच्या पुढं अमरावती रोडला तेव्हा एक गिट्टीची खदान होती. तिच्यात तो पांढरा पट्टा उघडा पडलेला. आम्ही जीप घेऊन गेलो. पट्ट्यात ताडाच्या खोडाचा एक लांब तुकडा निघाला, पाटाएवढा, एका बाजूनं सपाट. मी तो मोठ्या हौसेनं साहेबांपुढं आणला. त्यांनी नखानं ओरखडा काढला. पांढरी भुकटी निघाली.

"कच्चा आहे रे. नीट दगड झालेला नाही. चुनखडीसारखा. घासायला गेलास तर भुगा होईल. असले शंभर पडलेत. टाकून दे."

मी टाकणार तेवढ्यात हसून म्हणाले, "नाहीतर घरी ने. वहिनींना धुण्याला होईल."

ते चेष्टेत बोलले. पण सुभद्रा खरंच महिनाभर धुण्याच्या दगडासाठी माझ्यामागं लागली होती. मी जीपमध्ये टाकला आणि घरी नेला. नळाजवळ मांडून दिला. तिला इतका आवडला की काय सांगू. दोऱ्यांमुळं त्याला खरखर होती, मळ लवकर निघायचा. कपडे त्याच्यावरच, कढया त्याच्यावरच, राख आणि वाळू लावून. शेजारणी मागायला यायच्या. ती म्हणायची, "माह्या मालकानं आणला. सहा कोटी वर्सं जुना हाय." त्या म्हणायच्या, "तरीच मजबूत हाय."

बारा-तेरा वर्षं गेली. दगड मधून खोल होत गेला. एक दिवस मी कामावरून आलो तर ती ओल्या दगडावर हात ठेवून बसलेली.

"अवो, याच्यात तार तुटले."

"काय?"

"तार. हे उभे तार हायत ना, इथं येऊन तुटते. मंग पोकळ लागते, गोल. अन् त्याच्यात बारीक बारीक गोळ्या भरल्या. मले वाटते कोणीतरी खाल्लं हाय हे."

मी चप्पल काढत होतो. म्हटलं, "तू धुणं धू. दगडाचं मले पाहू दे."

"पाहा ना मंग."

मी पाहिलं नाही. दिवसभर तेच पाहून आलो होतो. आणि दुसरंही होतं, ते आता लिहितो. खात्यात मला कोणी विचारत नव्हतं. दगड चिकटवलेली ती काच, म्हणजे स्लाइड, मी घासलेली, आणि माझ्यासमोर तिच्यावर चर्चा चालायची, तेव्हा मी कपाट पुसत उभा. माझं काही म्हणणं असू शकतं हे कोणाच्या मनातही यायचं नाही. घरी आल्यावर निदान दगडाच्या बाबतीत मी साहेब होतो. तिथं ही मला शिकवणार?

ती दोन-तीनदा बोलली. एकदा शेजारीपाजारी बसले असताना म्हणाली, "आज त्याच्यात किडा दिसला. तांदळाच्या दाण्यावाणी. बारीक पाय हायत त्याले." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "झालं! घरात एक डॉक्टरीण झाली. हिले पेनशिल द्या, हे पुस्तक लिहीन." सगळे हसले. तीही हसली. त्यानंतर दगडाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

मग मला कावीळ झाली. बारा-पंधरा दिवस घरी पडून होतो. डॉक्टर साहेब भेटायला आले, उसाचा रस घेऊन. हा माणूस मनानं मोठा, तेवढं कबूल केलंच पाहिजे. अंगणात माझी खाट होती, तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले. पलीकडं नळावर सुभद्राचं धुणं चाललं होतं. बोलता बोलता साहेब थांबले. त्यांची नजर पुढं अडकली. उठले, तसेच चालत गेले आणि साबणाच्या पाण्यात गुडघे टेकून बसले. पांढरी पँट, चिखल, काही नाही. खिशातून भिंग काढलं.

सुभद्रा पदर सावरून मागं सरकली. "अवो, साहेब धुण्यात काहून बसले?"

"नत्थू, हा दगड कुठला?"

"वाडीच्या खदानीतला, साहेब. तुम्हीच टाकायले लावलेला."

साहेब बोट लावून दाखवू लागले. ताडाच्या खोडात एक बोगदा होता, बोरूच्या जाडीचा. तो झाडानं केलेला नव्हता. किड्यानं झाड पोखरलं होतं, खाल्लं होतं, आणि मागं आपल्या लेंड्या टाकत पुढं गेला होता. त्या लेंड्याही दगड झालेल्या. मग लाव्ह्यानं सगळं झाकलं. "झाडं आपल्याला पुष्कळ मिळाली रे," साहेब म्हणत होते, "पण त्या झाडावर जगणारं कोणी? ते कुठं मिळतं? हा बोगदा म्हणजे... नत्थू, यात किडा असू शकतो."

तेव्हा सुभद्रा बोलली. खाली पाहून, हळू.

"होता ना जी. तीन बोगदे होते. दोन घासून घासून गेले. दुसऱ्याच्या टोकाले किडा होता. डोस्कं होतं, पाय होते, पाठीवर बारीक रेघा. आठ-दहा दिवस दिसला. मंग तोही गेला."

"कधी?"

"सात वर्सं झाली असतीन."

"मग तुम्ही सांगितलं का नाही, वहिनी?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. नुसती हातातल्या ओल्या कपड्याला पीळ देत राहिली. साहेबांनीच मान वळवून माझ्याकडं पाहिलं. कावीळ झालेल्या माणसाचा चेहरा आधीच पिवळा असतो, म्हणून माझा रंग गेलेला त्यांना दिसला नसेल. चोवीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी मला पुष्कळदा झापलं, पण त्या दिवसासारखं पाहिलं कधीच नाही.

एक फेरा जास्त म्हणजे काय हे मी जगाला सांगत फिरत होतो. माझ्या दारात सात वर्षं रोज फेरे चालले होते आणि मला कोणीतरी आधीच थांब म्हणून सांगितलं होतं.

तिसरा बोगदा अजून शिल्लक होता, आत खोल गेलेला. साहेब म्हणाले, दगड खात्यात आण, कापून पाहू. सुभद्रा म्हणाली, "न्या जी. पण कापाच्या टायमाले मी येईन. तार कुठं वाकते, कुठं तुटते ते मले बोटाले समजते. मी दाखवीन तिथून कापा." साहेब एकदम म्हणाले, "अगदी बरोबर. वहिनींना घेऊन ये, नत्थू. त्या दाखवतील तशीच रेघ मार."

त्याच आठवड्यात खाप्याहून निरोप आला. आमची मुलगी मंदा तिथं दिलेली आहे, तिच्या सासूचा हात मोडला होता. सुभद्रा चार दिवसांसाठी गेली. जाताना एसटीच्या दारातून मला म्हणाली, "फतराले हात नका लावू बरं. मी येतो, मंग जाऊ."

मी हो म्हटलं.

आता जे लिहितो ते साहेब वाचत असतील तर त्यांनी नीट वाचावं. ते पुण्याला मुलाकडं असतात असं ऐकतो.

बायको खात्यात येणार, चार पोरांसमोर, शिपाई-कारकुनांसमोर बोट ठेवून सांगणार इथून काप, आणि मी तिथून कापणार. हे मला सोसेना. म्हैसचाट्या परवडला, पण हे नाही. मी बरा झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दगड सायकलला बांधून खात्यात नेला. साहेबांनी विचारलं, "वहिनी?" मी म्हटलं, "गावाले गेली, साहेब. पण तिनं मले जागा दाखवून देली." साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? वीस वर्षं हाताखाली होतो.

मी बोटं फिरवली. काहीच समजलं नाही. गुळगुळीत दगड आणि गुळगुळीत बोटं. डोळ्यानं अंदाज बांधला, बोगदा डावीकडं वळत असेल, आपण उजवीकडून उभा काप घेऊ म्हणजे तो पुरता एका बाजूला राहील. पेन्सिलनं रेघ मारली. आरी सुरू केली. कच्चा दगड, लोण्यासारखा कापला गेला. मनात म्हटलं, पाहा, जमलं.

आरीच्या पात्याची स्वतःची एक जाडी असते. तेवढा दगड कापताना भुकटी होऊन जातो, तो परत मिळत नाही. कोणत्याही कापात तेवढं गमवावंच लागतं. म्हणून रेघ कुठं मारायची ह्यातच सगळं काम आलं.

साहेबांनी दोन्ही तोंडं धुतली आणि खुर्दबिनीखाली धरली. एक पाहिलं. दुसरं पाहिलं. पुन्हा पहिलं. मग म्हणाले, "बोगदा उजवीकडंच वळला होता. इकडच्या तोंडावर डोक्याचं टोक आहे. तिकडच्या तोंडावर शेपटाचं टोक आहे. मधला किडा नाही, नत्थू."

मी आरीखालच्या थाळीतला चिखल काढला. धोतराच्या फडक्यातून गाळला. पुन्हा पाणी टाकलं, पुन्हा गाळला. संध्याकाळपर्यंत तेच केलं. साहेब म्हणाले, सोड. मी सोडलं नाही. राखाडी गाळ, दुसरं काही नाही. सहा कोटी वर्षं तो किडा लाव्ह्याखाली, डोंगराएवढ्या दगडाखाली धक्का न लागता पडून होता. माझ्या हातात आला आणि अर्ध्या मिनिटात चिखल झाला.

एक अर्धा भाग खात्याच्या कपाटात गेला, चिठ्ठी लावून. दुसऱ्या अर्ध्यात फारसं काही नाही असं ठरलं. साहेब म्हणाले, "हा वहिनींना परत दे. त्यांचाच आहे."

सुभद्रा आली. नळाजवळ अर्धा दगड पाहून तिथंच थांबली. पिशवी खाली ठेवली नाही. मग बसली, पाणी टाकलं, कापलेल्या तोंडावरून बोटं फिरवली. एका जागी बोट थांबलं.

"इथंच होता."

"साहेबाले घाई होती," मी म्हटलं. हे दुसरं खोटं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "साहेबाले सहा कोटी वर्सं दम निघाला, अन् चार दिवस निघाला नाही?"

बस. एवढंच. भांडली नाही, रडली नाही. मंदाच्या सासूचा हात कसा आहे ते सांगत सांगत चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या अर्ध्या दगडावर पुन्हा धुणं सुरू. मी मनात म्हटलं, चला, विसरली.

त्यानंतर साहेब निवृत्त झाले, मग मी. वाडीची ती खदान बुजवून टाकली. आज तिथं ट्रकांची गोदामं आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. तो पांढरा पट्टा कुठं होता हेसुद्धा दाखवता येत नाही. ड्रायव्हर लोक खाटा टाकून पत्ते खेळत होते. खाली एक तळं आहे, असं त्यांना सांगावं वाटलं, सांगितलं नाही.

सुभद्रा यंदा चैत्रात गेली. माघापासून पोटात दुखते म्हणत होती. मी म्हटलं, ओवा खा. पुन्हा म्हणाली, तेव्हा म्हटलं, एकादशीचे उपास बंद कर. तिसऱ्यांदा ती बोलली नाही, नळाजवळ खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यातले म्हणाले, इतके दिवस काय करत होता? ती सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो, हे डॉक्टरला कसं सांगायचं?

चार महिने शेजारची सून माझे कपडे धुऊन द्यायची. पोळ्याला ती माहेरी गेली, तेव्हा मीच बादली घेऊन नळावर बसलो. त्या दगडाजवळ मी पहिल्यांदाच असा बसलो. ती बसायची तिथं, ती बसायची तसा. सदरा टाकला, घासायला लागलो, आणि हात अडखळला. दगड सपाट नव्हता. सदरा बाजूला केला, पाणी मारलं.

दगड सगळीकडून झिजला होता. चार बोटं खोल. फक्त उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग तसाच वर राहिला होता, एखाद्या बेटासारखा. तिथं घासल्याची खूण नाही. वाळूचा ओरखडा नाही. त्याच्या कडेकडेनं गोल वळसा घालून दगड झिजलेला, बांधावरून जाणाऱ्या पायवाटेसारखा. पाच वर्षं रोज तिनं कपडे, कढया, गोधड्या सगळं धुतलं आणि एकदाही त्या जागेला हात लावला नाही.

मी सदरा परत बादलीत टाकला.

तिला चौथा बोगदा सापडला होता. तिनं तो राखून ठेवला. आणि मला सांगितलं नाही.

का सांगेल? पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चप्पल काढत होतो. दुसऱ्यांदा चारचौघांत हसवलं. तिसऱ्यांदा थांबा म्हणाली तर मी सायकलला बांधून घेऊन गेलो.

मी त्या बेटावर बोटं ठेवली. डोळे मिटले, ती मिटायची तसे. वर फिरवली, खाली फिरवली. थंड लागलं, ओलं लागलं. तार लागला नाही. कुठं वाकतो, कुठं तुटतो, काहीच नाही. तासभर बसलो. माझी बोटं चोवीस वर्षांपूर्वीच खात्यात वाहून गेली होती, गाळासोबत.

खात्यात जाऊन आलो. तिथं आता नवे साहेब आहेत, चांगले आहेत. म्हणाले, "काका, आणा की. लगेच कापून पाहू." लगेच हा शब्द ऐकला आणि मी उठलो. म्हटलं, आणतो, पण रेघ आमच्या घरून मारून आणीन. ते हसले. हसू द्या.

मंदा दिवाळीला खाप्याहून येते आहे. तिच्या घरी अजून दोन माग चालू आहेत, कांड्या तीच भरते. हात आईचा आहे. तिला मी आधी काहीच सांगणार नाही. नळाजवळ पाट टाकून बसवीन, दगडावर तांब्याभर पाणी ओतीन आणि समोर बसून राहीन. ती हात फिरवील आणि काहीतरी म्हणेल. ती म्हणेल तिथं रेघ, मग आरी. ती नको म्हणाली तर आरी नाही.

तोवर मी कपडे फरशीवर धुतो.